‘का केलंस?’ हे न्यायालयाने विचारलं पाहिजे



सातारा जिल्ह्यात उभं राहून लष्कराची गुपितं फोडणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं, तर शब्द जपून वापरावे लागतात. समोरच्या रांगांत माजी सैनिक बसले आहेत. या जिल्ह्यात अशी गावं आहेत, जिथे घराघरात भिंतीवर गणवेशातला फोटो असतो. त्यामुळे तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येणार, याची मला कल्पना आहे. ज्याने शपथ घेतली, सरकारचं मीठ खाल्लं आणि दफ्तर बाहेर दिलं, त्याला फितूर नाही तर काय म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. पहाऱ्याची वेळ, तुकडीची जागा, खबऱ्याचं नाव फुटलं तर त्याची किंमत कुणाच्या तरी मुलाला जिवानिशी मोजावी लागते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गुपित फोडणाऱ्याला शिक्षाच होऊ नये, असं मी म्हणणार नाही. पण शिक्षेचं माप ठरवण्याआधी न्यायालयाने दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत: का फोडलंस, आणि त्यातून कुणाचं काय नुकसान झालं. बहुतेक गोपनीयता कायदे हे दोन्ही प्रश्न दाराबाहेर ठेवतात आणि अन्याय तिथेच सुरू होतो.

ज्या खटल्यात हे सगळं ढळढळीत दिसलं, तो अमेरिकेतला चेल्सी मॅनिंग यांचा खटला. तेव्हा लष्कराच्या कागदोपत्री त्यांचं नाव ब्रॅडली मॅनिंग असं होतं. शिक्षा झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपण स्त्री असल्याचं आणि नाव चेल्सी असल्याचं जाहीर केलं. मीही तेच नाव घेणार आहे.

२००९च्या ऑक्टोबरात मॅनिंग इराकमध्ये दाखल झाल्या. बगदादच्या पूर्वेला ‘हॅमर’ नावाचा तळ होता, तिथे गुप्तवार्ता विश्लेषक म्हणून नेमणूक होती. वय २१. समोर संगणक, आणि त्या संगणकावर इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धातली रोजच्या रोज लिहिलेली नोंद: कुठे स्फोट झाला, कुठल्या नाक्यावर गाडी थांबली नाही म्हणून गोळीबार झाला, त्यात किती माणसं गेली. मॅनिंग यांनी या नोंदी सीडीवर उतरवल्या. ती सीडी लेडी गागाच्या गाण्यांची आहे असं भासवलं. २०१०च्या जानेवारीत रजेवर मायदेशी आल्यावर त्यांनी आधी वर्तमानपत्रांचे दरवाजे ठोठावले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये बोलणं झालं, पण आपल्याला कुणी गांभीर्याने घेतलं असं त्यांना वाटलं नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या फोनवर निरोप ठेवला, त्याला उत्तर आलं नाही. शेवटी बर्फाच्या वादळात, एका पुस्तकाच्या दुकानातलं इंटरनेट वापरून त्यांनी ते सगळं विकीलीक्सकडे पाठवलं.

त्यानंतर काही दिवसांनी पाठवली ती चित्रफीत. ती जगभर पाहिली गेली, तुमच्यापैकीही काहींनी पाहिली असेल. १२ जुलै २००७, बगदादचा एक भाग. वर दोन अपाचे हेलिकॉप्टर, खाली रस्त्यावर माणसांचा घोळका. त्यात रॉयटर्सचा छायाचित्रकार नमीर नूर-एल्दीन, वय २२, आणि त्याच्याबरोबर काम करणारा सईद चमाघ. छायाचित्रकाराच्या खांद्यावरचा कॅमेरा हेलिकॉप्टरमधल्या जवानांना शस्त्र वाटला. घोळक्यातल्या काही जणांकडे खरोखरच शस्त्रं होती, हेही सांगितलं पाहिजे. गोळीबार झाला. सईद जखमी होऊन रस्त्याच्या कडेला सरपटत होता. एक गाडी थांबली आणि आतल्या माणसाने त्याला उचलायला घेतलं. त्या गाडीवर दुसऱ्यांदा गोळीबार झाला. गाडीत दोन लहान मुलं होती. ती जखमी झाली पण वाचली, त्यांचा बाप मेला.

रॉयटर्सने ही चित्रफीत अमेरिकेच्या माहिती कायद्याखाली रीतसर मागितली होती. मिळाली नाही. लष्कराने चौकशी करून जवानांनी नियम पाळल्याचा निष्कर्ष काढला. आपल्याच माणसांच्या मृत्यूची कहाणी त्या वृत्तसंस्थेला कायद्याच्या वाटेने मिळू शकली नाही. जगाला ती कळली ५ एप्रिल २०१० रोजी, फुटलेल्या दफ्तरातून.

आणखी एक प्रसंग मला जास्त बोलका वाटतो, पण त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. फेब्रुवारी २०१०च्या अखेरीस इराकी पोलिसांनी एका छापखान्यातून पंधरा जणांना पकडलं. आरोप काय, तर देशविरोधी मजकूर छापला. मॅनिंग यांनी त्या मजकुराचं भाषांतर करून घेतलं. पंतप्रधान मलिकी यांच्या कारभारातल्या भ्रष्टाचाराची ती चिकित्सा होती, बस्स. मॅनिंग ते घेऊन वरिष्ठांकडे गेल्या. तो विषय सोड आणि आणखी छापखाने शोधायला त्या पोलिसांना मदत कर, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. दफ्तर त्याआधीच फुटलेलं होतं, त्यामुळे हे कारण पुढे करून सगळंच माफ करता येणार नाही. पण ‘आधी वरिष्ठांकडे जायला हवं होतं’ असं आपण म्हणतो, तेव्हा वरिष्ठांच्या खोलीत नेमकं काय घडतं, याचा हा नमुना आहे.

मे २०१०मध्ये मॅनिंग यांना अटक झाली. ज्याच्याशी त्या इंटरनेटवर मन मोकळं करत होत्या, त्यानेच खबर दिली. मग क्वांटिको इथल्या मरीन तळावरचा तुरुंग. तिथे सुमारे नऊ महिने, दिवसाचे तेवीस तास एकट्याने कोठडीत. मार्च २०११मध्ये रात्री अंगावरचे कपडेही काढून घेतले जात. अजून खटला उभा राहिलेला नव्हता आणि दोष सिद्ध व्हायचा होता. संयुक्त राष्ट्रांचे छळविषयक प्रतिवेदक ह्वान मेंडेझ यांनी या वागणुकीला क्रूर आणि अमानुष म्हटलं. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते पी. जे. क्राउली यांनी ती मूर्खपणाची असल्याचं उघड सांगितलं आणि त्यांना पद सोडावं लागलं. पुढे लष्करी न्यायाधीश डेनिस लिंड यांनीही मान्य केलं की ही वागणूक बेकायदा होती. त्याची भरपाई म्हणून शिक्षेतून ११२ दिवस वजा झाले.

खटला जून २०१३मध्ये मेरीलँडमधल्या फोर्ट मीड इथे सुरू झाला. त्याआधीच फेब्रुवारीत मॅनिंग यांनी दहा आरोपांत गुन्हा कबूल केला होता आणि एक लांबलचक निवेदन वाचून दाखवलं होतं. या युद्धांबद्दल देशात चर्चा व्हावी, एवढाच हेतू होता, असं त्यात सांगितलं होतं. आणि इथे कायद्याची खरी अडचण समोर येते. दोषी की निर्दोष हे ठरवण्याच्या टप्प्यावर हेतूचा पुरावा जवळजवळ पूर्णपणे बाजूला ठेवला गेला. प्रत्यक्ष नुकसान झालं नाही, हा पुरावाही त्या टप्प्यावर चालणार नाही, असा आदेश झाला. कायदा १९१७चा, पहिल्या महायुद्धात हेरांसाठी केलेला. शत्रूला नकाशा विकणारा आणि वर्तमानपत्राला अत्याचाराची चित्रफीत देणारा, दोघेही त्याच्या लेखी एकाच रांगेत.

शिक्षा ठरवण्याच्या टप्प्यावर मात्र सरकारी पक्षाने आपला साक्षीदार आणला. ब्रिगेडियर जनरल रॉबर्ट कार. फुटलेल्या दफ्तरांचा परिणाम तपासण्यासाठी पेंटॅगॉनने जे पथक नेमलं, त्याचे ते प्रमुख होते. त्यांनी एका अफगाण माणसाच्या हत्येचा उल्लेख केला. बचाव पक्षाने विचारल्यावर त्यांना सांगावं लागलं की त्या माणसाचं नाव फुटलेल्या कागदांत नव्हतंच, दावा तालिबानचा होता. त्या दफ्तरांमुळे कुणी मारला गेल्याचं एकही नेमकं उदाहरण त्यांच्या पथकाला सापडलं नव्हतं. सरकारी पक्षाच्या साक्षीदाराची ही साक्ष, हे लक्षात घ्या.

२१ ऑगस्ट २०१३ रोजी ३५ वर्षांची शिक्षा झाली. सरकारने ६० वर्षं मागितली होती. ‘शत्रूला मदत’ या सर्वांत गंभीर आरोपातून मॅनिंग सुटल्या होत्या, तरीही ३५ वर्षं.

आता दुसरं प्रकरण शेजारी ठेवा. जनरल डेव्हिड पेट्रेयस इराक आणि अफगाणिस्तान या दोन्ही युद्धांत सरसेनापती होते, पुढे सीआयएचे प्रमुख झाले. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आठ वह्या आपलं चरित्र लिहिणाऱ्या बाईंना दिल्या. त्या वह्यांत अतिगोपनीय मजकूर होता, गुप्तहेरांची नावं होती. तपास अधिकाऱ्यांशी ते खोटंही बोलले. एप्रिल २०१५मध्ये त्यांनी किरकोळ दर्जाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा काय? दोन वर्षं देखरेखीखाली आणि एक लाख डॉलर दंड. एक दिवसही तुरुंग नाही. कुणी म्हणेल, त्या वह्यांतून जगापर्यंत काही गेलं नाही. मान्य. पण मग नुकसान मोजायचं ठरलं, एवढंच ना? तेच माप मॅनिंग यांना का लावलं नाही? पेट्रेयस यांनी कुणाचा अन्याय उघड करण्यासाठी वह्या दिल्या नव्हत्या. हेतूच्या कसोटीवरही ते मॅनिंग यांच्या खाली येतात.

माझा निकाल विचाराल तर सांगतो. त्या चित्रफितीसाठी मॅनिंग यांना एका दिवसाचीही शिक्षा व्हायला नको होती. परराष्ट्र खात्याच्या अडीच लाख तारा न वाचता एकगठ्ठा देऊन टाकल्या, अफगाण खबऱ्यांची नावं असलेले कागद पुरेसे न चाळता दिले, हा बेजबाबदारपणा होता. त्यासाठी सैनिकाला शिक्षा होणं न्याय्य आहे. पण ती काही वर्षांची असावी. नोकरीतून काढून टाकणं, पद जाणं, हेही त्यात मोजलं जावं. १७ जानेवारी २०१७ रोजी अध्यक्ष ओबामांनी उरलेली शिक्षा कमी केली आणि त्याच वर्षी १७ मे रोजी मॅनिंग सुटल्या, अटकेपासून सात वर्षांनी. इतर प्रकरणांच्या मानाने ही शिक्षा फारच जास्त होती, असं ओबामांनीच सांगितलं. न्यायालयाने जे करायचं ते शेवटी राष्ट्राध्यक्षाच्या दयेने झालं, आणि दयेवर हक्क सांगता येत नाही.

ज्यांचं कृत्य उघड झालं, त्यांचं पुढे काय होतं? व्हिएतनाममधलं माय लाय हे गाव घ्या. १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकी तुकडीने तिथे बायका-मुलांसह शेकडो निःशस्त्र लोक मारले. ह्यू थॉम्पसन या वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर गावकरी आणि आपल्याच जवानांच्या मध्ये उतरवलं. काही गावकऱ्यांचे जीव त्यामुळे वाचले. हत्याकांड वर्षभर दडपलं गेलं. रॉन रिडनहौर या जवानाने सोबत्यांच्या तोंडून ते ऐकलं होतं. सैन्यातून सुटल्यावर त्याने मार्च १९६९मध्ये संसद सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली, तेव्हा चौकशी सुरू झाली. दोषी ठरला एकच माणूस, लेफ्टनंट विल्यम कॅली, २२ जणांच्या खुनासाठी. जन्मठेप सुनावली गेली. प्रत्यक्षात त्याने साडेतीन वर्षांच्या आसपास काळ आपल्या निवासात नजरकैदेत काढला. थॉम्पसनला पदक मिळालं १९९८मध्ये, तीस वर्षांनी. मॅनिंग यांची सात वर्षं आणि कॅलीची ही नजरकैद शेजारी ठेवली की शिक्षेचा काटा कुणीकडे झुकलेला आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ऑस्ट्रेलियातही हेच झालं. डेव्हिड मॅकब्राइड लष्करातले वकील होते, अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आले. त्यांनी दिलेल्या कागदांवरून एबीसी या वाहिनीने २०१७मध्ये ऑस्ट्रेलियन विशेष दलाच्या संशयास्पद हत्यांची कहाणी प्रसिद्ध केली. २०२०मध्ये ब्रेरेटन अहवालाने ३९ अफगाण लोकांच्या बेकायदा हत्यांचा विश्वासार्ह पुरावा असल्याचं सांगितलं. मे २०२४मध्ये मॅकब्राइड यांना पाच वर्षं आठ महिन्यांची कैद झाली. तोवर त्या हत्यांसाठी एकाही सैनिकाला शिक्षा झालेली नव्हती. मॅकब्राइड यांचा हेतू सरळ नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सैनिकांच्या मागे चौकशीचा ससेमिरा जास्तच लावला जातोय, ही त्यांची मूळ तक्रार होती. पत्रकारांनी त्याच कागदांत वेगळी गोष्ट वाचली. हेतू मिश्र असतो, तो तपासावा लागतो. न्यायालयांना हेतू तपासता येतो, खुनाच्या खटल्यात ती रोज तेच करतात. गुपितांच्या खटल्यातच ते अशक्य का व्हावं?

आणि तपासला तर तो आरोपीच्या विरोधातही जाईल. अमेरिकेच्या हवाई राष्ट्रीय रक्षक दलातल्या जॅक टेक्सेराने २०२२-२३मध्ये युक्रेन युद्धाविषयीचे गोपनीय कागद गेम खेळणाऱ्या मित्रांच्या गटात टाकले. त्यात लोकहित कुठेच नव्हतं, मित्रांवर छाप पाडायची होती. त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. आकड्याबद्दल वाद घालता येईल. पण कडक शिक्षा व्हावी, असंच मी म्हणेन. जागल्याला वेगळं काढता आलं, तरच अशा माणसावर निःशंकपणे कडक होता येतं.

‘का’ हा प्रश्न न्यायालयात शिरला तर काय होतं, ते ब्रिटनमध्ये एकदा दिसलं. १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली. ३२३ माणसं गेली. नौका कुठल्या दिशेने चालली होती, याबद्दल सरकार संसदेला खरं सांगत नव्हतं. संरक्षण मंत्रालयातले अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांनी १९८४मध्ये दोन कागद टॅम डॅलिएल या खासदारांना पाठवले. वर्तमानपत्राला दिले नाहीत, शत्रूला तर नाहीच. लोकप्रतिनिधीला दिले. खटला झाला. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की देशाचं हित म्हणजे त्या वेळचं सरकार सांगेल ते. गुन्हा मान्य करण्यापलीकडे ज्युरीला जागाच ठेवली नव्हती. तरी फेब्रुवारी १९८५मध्ये त्या बारा सामान्य माणसांनी पाँटिंग यांना निर्दोष सोडलं. सरकारने यातून काय धडा घेतला? १९८९चा नवा कायदा केला आणि लोकहिताचा बचाव घेण्याची वाटच बंद केली.

आपण आता घरी येऊ. आपला शासकीय गुपिते अधिनियम १९२३चा. ब्रिटिशांनी आपल्यावर राज्य करताना, १९११च्या त्यांच्या कायद्याच्या साच्यात घडवलेला. त्याच्या कलम ५खाली गोपनीय माहिती देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि जाणूनबुजून घेणाऱ्यालाही. लोकहितासाठी दिली, असा बचाव त्यात नाही. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६मध्ये हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. कायदा आजही जागेवर आहे.

गुपित म्हणून काय काय जपलं जातं, याचं उदाहरण या जिल्ह्याच्या अगदी जवळचं आहे. १९६२च्या पराभवानंतर आपले यशवंतराव दिल्लीला गेले आणि संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्याच काळात लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी पराभवाची चौकशी केली. सप्टेंबर १९६३मध्ये यशवंतरावांनी संसदेत त्यावर निवेदन केलं, पण अहवाल गोपनीय राहिला. २०१०मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितलं की त्यातला मजकूर आजही संवेदनशील आहे. २०१४मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला. जगाने तो वाचला. देशाची सीमा त्याने ढासळली नाही. सरकारने मात्र तो आजतागायत स्वतःहून प्रसिद्ध केलेला नाही. नेफामध्ये उन्हाळी कपड्यांत, अपुऱ्या काडतुसांनिशी लढलेल्या जवानांच्या घरच्यांना, आपला माणूस कुणाच्या चुकीने गेला हे कळण्याचा हक्क साठ वर्षांनंतरही नसेल, तर ते गुपित देशाला वाचवत नाही. चुकलेल्यांची नावं तेवढी वाचतात.

या अंधारात एक चांगली गोष्ट घडली आहे. राफेल विमान खरेदीच्या प्रकरणात काही गोपनीय टिपणं ‘द हिंदू’ने छापली. ती चोरलेली आहेत, न्यायालयाने ती पाहू नयेत, असा सरकारचा आक्षेप होता. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. अमेरिकेतल्या १९७१च्या पेंटॅगॉन पेपर्स खटल्याचा दाखला त्या निकालात आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२)ही विचारात घेतलं गेलं. माहिती उघड करण्यात लोकहित मोठं असेल तर १९२३चा कायदा आड येत नाही, असं ते कलम सांगतं. पुढे फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या, तो भाग वेगळा. पण कागद कसा आला, यापेक्षा त्यात काय आहे ते बघू, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. माहिती मागणाऱ्या नागरिकाला कलम ८(२)चा आधार आहे. जो अधिकारी किंवा जवान स्वतःहून तो कागद पुढे आणतो, त्याला मात्र असा आधार नाही.

जवानाकडे आज कुठली वाट आहे? लष्कर कायद्याची कलमं २६ आणि २७ स्वतःवर झालेल्या अन्यायाची दाद वरिष्ठांकडे मागू देतात. दुसऱ्यावर झालेला अन्याय पाहिला, खोटी चकमक पाहिली, शिधा-सामानाच्या खरेदीतला घोटाळा पाहिला आणि त्यात वरिष्ठच गुंतलेला असेल, तर त्याने कुणाकडे जायचं? वर्तमानपत्राकडे जायला नियमांनी मनाई आहे, आणि शिस्तीसाठी ती असावी, हे मला पटतं. पण मग तुकडीच्या साखळीबाहेरचा, लष्कराची गुपितं सांभाळू शकणारा आणि तरीही लष्कराच्या हाताखाली नसलेला कुणीतरी हवा. निवृत्त न्यायमूर्ती असेल, संसदेची समिती असेल. तिथे तक्रार दिल्याबद्दल बढती थांबणार नाही, सियाचीनची बदली होणार नाही, याची हमी हवी. या वाटेने जाऊनही दाद मिळाली नाही आणि मग कुणी कागद बाहेर दिला, तर न्यायालयाने त्याला विचारावं: आधी कुठे गेला होतास, काय दिलंस, काय वगळलंस, का दिलंस? उत्तरं खरी असतील तर शिक्षा नाममात्र असावी, खोटी असतील तर कडक.

माजी सैनिकांना माझी हात जोडून विनंती आहे. हा बदल नागरिकांनी मागितला तर त्याला देशद्रोहाचा रंग देणं सोपं जातं. तुम्ही मागितलात तर तसं करता येणार नाही. तुमच्या संघटनांच्या ठरावांत पेन्शन असते, कॅन्टीन असते, आरोग्य योजना असते. त्यांत आणखी दोन ओळी घाला: हेंडरसन ब्रुक्स अहवाल प्रसिद्ध करा, आणि १९२३च्या कायद्यात लोकहिताचा बचाव घाला. आणि तुमच्या खासदारांना एक गोष्ट जरूर विचारा. भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४मध्ये मंजूर केला. ९ मे २०१४ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तो अजून अंमलात आलेला नाही.